इंजिन बिघडलं नव्हतं, रूळ मळले होते



आजचा लेख जरा वेगळ्या विषयावर आहे. घरात मुलाला विजेवर चालणारा ट्रेन सेट आणलेला असेल, तर पुढची गोष्ट तुम्ही पाहिलेली असणार. पहिले आठ दिवस गाडी सुसाट धावते. नवव्या दिवशी मध्येच थांबते. मूल बोटाने ढकलतं, ती परत थोडी जाते, परत थांबते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "मोडलीस ना? सांगत होतो, नीट खेळ." सेट खोक्यात जातो आणि खोकं माळ्यावर.

हे वाक्य मीसुद्धा वर्गात बोलले आहे. ज्या मुलाला बोलले, त्याची चूक नव्हती. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

झालं असं, की माझा मामेभाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला तेव्हा त्याने मुलाचा जुना ट्रेन सेट मला दिला. "तुझ्या चौथीच्या पोरांना वाहतुकीच्या पाठाला उपयोगी पडेल." सेटमध्ये चार चाकांचं एक छोटं डिझेल इंजिन, पाच मालडबे, थोडे रूळ आणि दोन सांधे. (एक सावधगिरीची सूचना आधीच देते. अमेरिकेतल्या सेटचा पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीत २३० असतात. थेट लावलात तर धूर निघेल. मी इलेक्ट्रिशियनकडून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला. रुळांवर येणारी वीज मात्र जेमतेम १२ व्होल्टची असते, तिची भीती नाही.)

गोल फिरणारी गाडी आणि काम करणारी गाडी

ट्रेन सेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल रूळ आणि त्यावर गरगर फिरणारी गाडी येते. खरं सांगायचं तर मुलांना याचा पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. करण्यासारखं काही नसतंच, बघत बसायचं! मी गोल मांडलाच नाही. पाच फूट लांब आणि फूटभर रुंद प्लायवूडच्या पट्टीवर एक यार्ड मांडलं आणि त्यात शंटिंग सुरू केलं.

शंटिंग म्हणजे डबे एका रुळावरून दुसऱ्यावर नेणं, गाडी तोडणं, हव्या त्या क्रमाने जोडणं. अमेरिकेत याला स्विचिंग म्हणतात, आपल्याकडे इंग्रजांमुळे शंटिंग रुळलं. नगरकडून रेल्वेने पुण्याला गेलेल्या जुन्या लोकांना दौंडचा मुक्काम आठवत असेल. तिथे गाडीची दिशाच उलटायची, म्हणून इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला आणून जोडायचे. तेवढ्या वेळात आपला चहा व्हायचा. यार्डात अशी कामं करायला वेगळी इंजिनं असतात. आपल्याकडचं डब्ल्यूडीएस-४ हे त्यातलंच, सहा चाकांचं, बुटकं. वेगात पळणं हे त्याचं काम नाही. हळू जायचं आणि ठरल्या जागी थांबायचं, एवढंच त्याच्याकडून हवं असतं.

मुलांना शब्दही सापडले. मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात हे सांगितल्यावर वर्ग दहा मिनिटं हातात राहिला नाही. "बाई, वाघीण ढकलली!" रूळ जिथे फुटतो तो 'सांधा', आणि तो बदलणारा 'सांधेवाला'. रोज एका मुलाची सांधेवाला म्हणून नेमणूक. या पदासाठी मॉनिटरपेक्षा जास्त भांडणं होतात.

मी मांडलेला खेळ माझ्या डोक्यातला नाही. इंग्लंडमधले हौशी रेल्वे-मॉडेलकार ॲलन राइट यांनी 'इंगलनूक सायडिंग्ज' नावाची एक मांडणी केली, ती जगभर खेळली जाते. तिच्यात तीन रूळ असतात. एकावर पाच डबे मावतात, बाकी दोघांवर तीन-तीन. इंजिनाच्या बाजूच्या तुकड्यावर इंजिन आणि तीनच डबे. एकूण डबे आठ. चिठ्ठ्या काढून पाच डब्यांचा क्रम ठरवायचा आणि त्याच क्रमाने गाडी लावून द्यायची. आठांतून पाच डबे क्रमाने लावण्याचे प्रकार ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६७२० होतात. चौथीला हे जड जातं, म्हणून मी छोटी आवृत्ती घेतली. रूळ तीन, दोन आणि दोन डब्यांचे, एकूण डबे पाच, आणि क्रम तीन डब्यांचा लावायचा. हे ५ × ४ × ३ = ६० प्रकार होतात. मुलांनी हे साठ प्रकार वहीत लिहून काढले. काहींनी छप्पन लिहिले आणि उरलेले चार कुठे गेले ते शोधायला दुपार घालवली. गुणाकाराचा यापेक्षा चांगला तास मी घेतलेला नाही.

खेळ सोपा वाटतो, पण नाही. समजा लांब रुळावर अ, ब, क उभे आहेत, 'अ' सांध्याच्या जवळ आणि 'क' आत टोकाला. दुसऱ्या रुळावर ड, ई. तिसरा रिकामा. तुम्हाला 'क' हवाय. आधी अ आणि ब बाहेर काढावे लागतात आणि रिकाम्या रुळावर सोडावे लागतात. मग 'क' हाताशी येतो, पण आता दोन्ही छोटे रूळ भरले! 'क' घेऊन जायचं कुठे? घरात पाहुणे आल्यावर गाद्या हलवताना होतं तसं. एका मुलीने तोडगा काढला. 'क' ला इंजिनापाशी तसंच धरून ठेवायचं, त्याच्याच पुढे 'अ' ला जोडून बाहेर घ्यायचं आणि दोघांना लांब रुळावर ढकलायचं. म्हणजे आता 'अ' आत गेला आणि 'क' सांध्याजवळ आला. मी टाळ्या वाजवल्या.

आणि मग इंजिन थांबायला लागलं

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळं ठीक होतं. सुट्टीनंतर खोकं उघडलं आणि इंजिन दर वीतभर अंतरावर अडायला लागलं. दिवा लुकलुकायचा, मोटर गप्प. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, वाचनात मागे, पण शंटिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे. तो बोटाने इंजिन पुढे सारायचा. मी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा ओरडले, "ढकलून ढकलून तूच बिघडवलंस ते!" तो जागेवर जाऊन बसला. नंतर हळूच म्हणाला, "बाई, मी ढकलतो म्हणून ते थांबत नाही. ते थांबतं म्हणून मी ढकलतो."

कार्य कोणतं आणि कारण कोणतं, हे मी त्यांना शिकवते. त्या दिवशी त्याने मला शिकवलं.

इंजिन मी मामेभावाकडे नेलं. त्याने ते उलटं करून चाकांकडे बघितलं आणि हसला. चाकांच्या कडेला काळं काजळासारखं कडं बसलं होतं.

आता मुळात हे इंजिन चालतं कसं ते बघू, म्हणजे मळाचा उलगडा होईल. पाठ्यपुस्तकातलं साधं सर्किट आठवा. सेल, दोन तारा, बल्ब. इथे दोन रूळ म्हणजे दोन तारा. वीज एका रुळातून त्या बाजूच्या चाकांत शिरते, मोटरमधून जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या रुळात उतरते. म्हणजे फिरणारं चाक आणि रूळ यांचा स्पर्श हाच इथला जोड आहे. ही स्पर्शाची जागा मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असते. तिथे धुळीचा कण आला की तार तुटल्यासारखंच.

मळ येतो कुठून? हवेतली धूळ, हातांचं तेलकटपण, इंजिनात घातलेलं जास्तीचं तेल, प्लास्टिकच्या चाकांची झीज. आमच्या वर्गात त्यात खडूची पूड. शिवाय चाक आणि रूळ यांचा स्पर्श क्षणभर सुटला की तिथे बारीकशी ठिणगी पडते, आणि ती हा सगळा मळ भाजून काळा करते. काळा थर आला की स्पर्श आणखी सुटतो आणि ठिणग्या आणखी पडतात. एकदा सुरू झालं की वाढतच जातं.

रुळाच्या धातूचाही संबंध आहे. जुन्या स्वस्त सेटमध्ये पितळी रूळ असत. पितळेवर हवेने जो थर चढतो तो विजेला नीट वाट देत नाही. आपली पितळी समई आठवडाभर न घासता ठेवली की काळवंडते ना, तसंच ते. आजकालचे रूळ 'निकेल सिल्व्हर'चे असतात. नावात सिल्व्हर असलं तरी चांदीचा एक कणही नाही, तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते मिश्रण आहे. ते पितळेइतकं सतावत नाही, पण धूळ आणि तेल त्यालाही सुटत नाही.

मग गोल फिरणारी गाडी का थांबत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तेच मळलेले रूळ गोलात लावले आणि इंजिन जोरात सोडलं, तर ते छान पळत होतं! शंटिंगला लावलं की अडत होतं.

याचं उत्तर गणितात आहे. हे मॉडेल १:८७ प्रमाणातलं, याला एचओ म्हणतात. परदेशातल्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रेल्वेमार्गाला ८७ ने भागा, साधारण १६.५ मिलिमीटर येतात. तेवढंच अंतर या दोन रुळांत असतं. (आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर १९ च्या पुढे जातं. म्हणजे या रुळांवर भारतीय गाडी ठेवली तर ती जरा अरुंद रुळांवर उभी आहे असं समजायचं.)

खरी गाडी ताशी १०० किलोमीटरने पळते असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. त्याला ८७ ने भागलं की मॉडेल सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर जातं. शंटिंगचं इंजिन ताशी १० किलोमीटरने चालतं, म्हणून त्याचं मॉडेल सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या आसपास सरकतं. आता रुळावर एक सेंटिमीटरचा मळका डाग आहे. पळणारी गाडी तो सेकंदाच्या तिसाव्या भागात ओलांडते, वीज गेली हे मोटरला कळायच्या आत. शंटिंगच्या इंजिनाला तिथे सेकंदाचा तिसरा भाग लागतो. तेवढ्यात त्याचा सगळा वेग संपतो आणि ते नेमकं डागावरच उभं राहतं. उभं राहिलं की आपोआप सुटायचा मार्ग नाही, बोटच लावावं लागतं.

त्यात हे इंजिन चार चाकांचं. प्रत्येक बाजूला दोनच चाकं. आणि चार पायांचं स्टूल फरशीवर कसं डगमगतं, तीनच पाय टेकलेले असतात? या इंजिनाचंही तसंच. म्हणजे एका बाजूचं एक चाक आधीच अधांतरी आणि उरलेलं एक मळावर, की संपलं. मोठ्या इंजिनाला आठ किंवा बारा चाकांतून वीज मिळते, त्याचं एखाद्या चाकावाचून अडत नाही.

तेव्हा पालकहो, गोल फिरणारी गाडी तुम्हाला रूळ मळलेत हे शेवटपर्यंत सांगत नाही. हळू चालणारं इंजिन पहिल्याच दिवशी सांगतं. आपण त्यालाच बिघडलेलं म्हणतो.

सॅनिटायझरची फजिती

मामेभाऊ म्हणाला होता, "अल्कोहोलने पुसून घे." माझ्या डोक्यात लगेच आलं, कोरोनाच्या वेळचं सॅनिटायझर शाळेच्या कपाटात पडलंय, त्यात अल्कोहोलच असतं. सगळे रूळ त्याने पुसले. दोन दिवसांनी परिस्थिती आधीपेक्षा वाईट! सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात. अल्कोहोल उडून गेलं आणि ग्लिसरीनचा चिकट थर राहिला. त्यावर खडूची पूड अशी बसली, जशी तुपाच्या हातावर साखर.

तर जे करायचं नाही ते आधी सांगते. सॅनिटायझर नको. खोबरेल किंवा शिलाई मशिनचं तेल रुळांना नको. ते इंजिनाच्या दातेरी चाकांना, तेही टाचणीच्या टोकावर मावेल इतकंच. पॉलिश पेपर नको. त्याने रूळ चकचकीत दिसतात खरे, पण बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्यात ठाण मांडून बसतो. भांड्यांची तारेची घासणी तर अजिबात नको. तिचे सूक्ष्म तंतू गळतात, मोटरमधल्या चुंबकाला चिकटतात आणि आत शॉर्ट करतात.

करायचं ते सोपं आहे. वीज बंद करायची. लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्याला जुन्या सुती पंचाचा तुकडा गुंडाळायचा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब टाकायचे (मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हे असतं) आणि रुळाच्या डोक्यावरून फिरवायचं. कापडावर काळी रेघ उठते. जागा बदलत राहायचं, रेघ उठेनाशी होईपर्यंत. हे द्रव पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून ते मोठ्यांनीच वापरायचं. मुलांच्या हातात कोरडं कापड द्यावं, तेवढ्यानेही बरंच निघतं. परदेशातल्या जाणकारांत यावर दोन तट आहेत. काही म्हणतात अल्कोहोलऐवजी गंधहीन मिनरल स्पिरिट वापरा, रूळ जास्त दिवस स्वच्छ राहतात. मी वर्गात वासाच्या भानगडीत पडत नाही.

रूळ पुसले आणि चाकं तशीच ठेवली तर श्रम वाया. चाकांचा मळ दोन फेऱ्यांत परत रुळावर येतो. चाकांसाठीची युक्ती मुलांना जादूसारखी वाटते. किचन टिश्यूचा कागद अल्कोहोलने ओलसर करून रुळांवर आडवा टाकायचा. इंजिनाची पुढची चाकं कागदावर आणि मागची उघड्या रुळावर ठेवायची. इंजिन हाताने हलकं धरून वीज अगदी थोडी सोडायची. मागच्या चाकांतून वीज मिळते आणि पुढची चाकं कागदावर गरगर फिरून स्वतःला पुसतात. कागदावर दोन काळ्या रेघा! मग इंजिन फिरवून दुसरी बाजू. कागद निथळता ओला नको आणि रुळावर जिथे द्रव सांडलंय तिथे ठिणगी नको, एवढी काळजी घ्यायची. डब्यांची चाकं इअरबडने पुसायची. डब्यांना वीज लागत नाही म्हणून आपण त्यांच्याकडे बघतच नाही, पण मळ गोळा करून पसरवण्याचं काम तेच करतात, त्यातही प्लास्टिकच्या चाकांचे.

काही हौशी लोक पुसलेल्या रुळावर ग्रॅफाइटचा हलका हात फिरवतात. ग्रॅफाइट विजेला वाट देतं. मी चित्रकलेची मऊ पेन्सिल सांध्यापाशी वापरून बघितली, फरक वाटला. पण जास्त झालं की चाकं घसरतात.

रूळ पुसण्याचं काम खुद्द गाडीलाच लावणारा एक अवलिया होऊन गेला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार राहत. त्यांनी घराच्या तळघरात अख्खा डोंगराळ रेल्वेमार्ग उभा केला आणि त्याला जे नाव दिलं, ते मोठ्याने म्हटलं की इंग्रजीत 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येतं! त्यांनी मालडब्याच्या तळाला दोन भोकं पाडली, हार्डबोर्डच्या छोट्या तुकड्याला दोन खिळे चिकटवले आणि ते खिळे त्या भोकांत सैल अडकवले. हार्डबोर्डची खरखरीत बाजू स्वतःच्या वजनाने रुळावर घासत जाते. गाडीत असा एक डबा असला की रोजच्या फेऱ्यांत रूळ पुसले जातात. गंमत म्हणजे शंटिंगचं एक प्रसिद्ध कोडंही याच गृहस्थांचं आहे. 'टाइमसेव्हर' त्याचं नाव, घड्याळ लावून खेळायचं. ते १९७२ मध्ये छापून आलं. पुढच्याच जानेवारीत ते वारले आणि काही दिवसांत आगीत त्यांचा तो रेल्वेमार्गही गेला. हार्डबोर्डचा डबा मात्र लोक अजून बनवतात. आम्ही जुन्या पॅडच्या पाठीमागच्या हार्डबोर्डातून एक बनवला, आमची पाचवी वाघीण आता झाडूवाली आहे.

टिकल्या

आता मूळ मुद्द्याकडे येते. पुसण्यापेक्षा महत्त्वाचं होतं ते कुठे आणि का थांबतं हे शोधणं, आणि ते मुलांनी केलं.

ज्या मुलाला मी ओरडले होते, त्याची मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि त्याला विचारलं, इंजिन कुठेकुठे थांबतं तुला आठवतंय का? त्याला पाठ होतं. एका मुलीने कपाळाची टिकली काढून त्या जागेशेजारी प्लायवूडवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी आईंच्या टिकल्यांची पाकिटंच आली. नियम ठरला, इंजिन जिथे अडेल तिथे लाल टिकली. पुसल्यानंतर परत अडलं तर हिरवी.

आठवडाभराने पट्टीकडे बघितलं तर गोष्ट स्पष्ट होती. लाल टिकल्या सगळीकडे विखुरलेल्या, पण हिरव्या फक्त तीन ठिकाणी. म्हणजे इतर जागी नुसता मळ होता, पुसला आणि गेला. या तीन ठिकाणी पुसूनही इंजिन थांबत होतं, तर तिथे काहीतरी वेगळं असणार. एके ठिकाणी दोन रूळ जोडणारी पत्र्याची चिमटी सैल झाली होती. पक्कडीने दाबली आणि काम झालं. उरलेल्या दोन्ही टिकल्या सांध्यांपाशी होत्या. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात, म्हणजे बेडूक. शॉर्ट होऊ नये म्हणून आमच्या सेटमध्ये तो प्लास्टिकचा आहे. तिथे वीजच नाही, कितीही पुसा! मोठं इंजिन त्यावरून सहज जातं, चार चाकांचं अडतं. धातूचे बेडूक असलेले सांधे बाजारात मिळतात, त्यांना तारेने वेगळी वीज द्यावी लागते. ते पुढच्या वर्षी बघू. नवीन डिजिटल इंजिनांत वीज साठवणारा कपॅसिटर असतो, त्यावर ती डाग ओलांडतात, पण त्यांची किंमत ऐकून मी विषय बंद केला.

यातून आमची तपासणीची रीत ठरली, ती घरीही वापरता येईल. इंजिन रोज वेगवेगळ्या जागी थांबत असेल, तर चाकं बघा. त्याच जागी थांबत असेल आणि पुसल्यावर सुटत असेल, तर रूळ मळलाय. त्याच जागी, पुसूनही थांबत असेल, तर जोड किंवा सांधा. आणि कुठेच हलत नसेल, तर आधी प्लग लावलाय का ते बघा. हसू नका, आमच्याकडे दोनदा झालंय.

वापर नसला तरी रूळ मळतात, हेही दिवाळीने शिकवलं. आता शनिवारी शेवटच्या तासाला पट्टीवर जुनी ओढणी टाकून ठेवतो आणि सोमवारी झाडूवाली वाघीण आधी सगळ्या रुळांवरून एकदा फिरते. हे काम पाच मिनिटांचं आहे.

पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी मुलांना कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर दाखवावं. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभं केलं, १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे गेलात तर पळणाऱ्या गाड्या बघालच, पण एखादी गाडी सांध्यावरून हळू जात असेल तर तिच्याकडे जरा जास्त वेळ बघा. आमची सहल जानेवारीत ठरते आहे.

त्या मुलाने वहीत यार्डाचा नकाशा काढलाय. तिन्ही रूळ, दोन्ही सांधे आणि बेडकांपाशी दोन हिरवे ठिपके. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'इथे थांबू नये. बोटभर आधी थांबावे.' 'थांबावे' मधल्या 'थां' वरचा अनुस्वार राहिलाय. मी लाल पेन घेतलं होतं, पण आता नवा सांधेवाला झालेल्या मुलीला तो नकाशा हवा होता, ती घेऊन गेली.